वणव्यात जळालेले कागद आणि आपली ग्रंथालये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

होळीच्या आगेमागे सातपुड्यात वणवा लागल्याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत येऊ लागतात. किती क्षेत्र जळाले, वन कर्मचाऱ्यांनी किती तासांनी आग आटोक्यात आणली, एवढे त्या बातमीत असते आणि ते असलेच पाहिजे. मात्र आग विझल्यानंतर डोंगरकडेच्या पाड्यावरील माणूस पुन्हा कसा उभा राहतो, याची बातमी सहसा होत नाही, कारण ते काम महिनोन्महिने चालते आणि बहुतेक वेळा कचेऱ्यांच्या व्हरांड्यात चालते. चोपडा तालुक्यातील एका 'क' वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी 31 वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले. त्या काळात एका वणव्यानंतरचे चार महिने मी फार जवळून पाहिले आणि तेव्हापासून माझी अशी ठाम समजूत झाली आहे की या कामात सार्वजनिक ग्रंथालयांचा वाटा असायला हवा. तो वाटा धान्य किंवा पत्रे वाटण्याचा नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. ग्रंथालयाचा वाटा कागदाचा आहे. वणव्यात जळणाऱ्या गोष्टींमध्ये कागद सर्वात हलका असतो आणि त्याच्यावाचून पुढे सर्वात जास्त अडते. हे पत्र त्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या गावापासून अकरा किलोमीटरवरच्या एका पाड्यावर वणवा उतरला. पानगळ झालेली, अंजन आणि सागाच्या पानांचा गुडघाभर थर, त्यात दुपारचा वारा. माणसे मोहफुले वेचायला आणि मजुरीला बाहेर गेलेली असल्याने जीवितहानी झाली नाही, पण चौदा घरे, गोठे, कडब्याच्या गंजी आणि बांधलेल्या शेळ्या गेल्या. तिसऱ्या दिवशी आमच्या गावातील तरुण मंडळी भांडी, धान्य आणि कपडे घेऊन निघाली, त्यांच्याबरोबर मीही गेलो. कुडाची भिंत जळाल्यावर मागे काहीच उरत नाही. कोणाचे घर कुठे होते ते चुलीच्या दगडांवरून ओळखावे लागत होते.

एका ठिकाणी साठीच्या पुढची एक पावरा आदिवासी बाई पत्र्याची पेटी पुढ्यात घेऊन बसली होती. पेटी बाहेरून शाबूत होती, रंग तेवढा फुगून पोपडे आले होते. आत मात्र भट्टीसारखी धग साचून सगळे करपले होते. तिच्या हातात काळ्या-तपकिरी रंगाचा एक वाकडा तुकडा होता. तो वनहक्काचा पट्टा होता, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा कागद. कागद खराब होऊ नये म्हणून मुलाने तो लॅमिनेट करून आणला होता आणि त्याच प्लॅस्टिकने वितळून कागदाला गिळले होते. कोणीतरी तिला सांगितले असावे की हा माणूस पुस्तकांत काम करतो. "भाऊ, एवढं वाचून दे," असे म्हणून तिने तो माझ्या हातात दिला.

मला काही वाचता येईना. उन्हात धरला, सावलीत धरला. शेवटी तुकडा जवळजवळ आडवा करून सूर्याकडे तिरका धरला, तेव्हा करपलेल्या भागावर छापील अक्षरे मंद चमकताना दिसली. करपलेला कागद आणि छपाईची शाई या दोन्हींचा काळेपणा सारखा नसतो, हे मला जुन्या पुस्तकांमुळे ठाऊक होते, पण ते असे कामी येईल असे वाटले नव्हते. वाचता येतील तेवढे आकडे मी वहीत उतरवून घेतले. दाव्याच्या क्रमांकाचे चार आकडे मिळाले, तारखेतले वर्ष मिळाले, क्षेत्राचा आकडा अर्धा मिळाला. त्या अपुऱ्या आकड्यांच्या आधारे पट्ट्याची साक्षांकित प्रत मिळायला पुढे चार महिने लागले. त्या काळात एका कार्यालयाने तिला तीन वेळा परत पाठवले, कारण जळालेल्या कागदाचा क्रमांक सांगा असे तिथले म्हणणे होते आणि क्रमांक तर जळालेल्या कागदावरच होता. चौथ्या खेपेला मी बरोबर गेलो, वहीतली नोंद दाखवली, तेव्हा दप्तरात शोध सुरू झाला.

ज्यांच्या घरी कागदपत्रे कपाटात असतात, त्यांना कदाचित हे फार मोठे वाटणार नाही. म्हणून त्या एका पेटीत काय काय होते ते सांगतो. 2006 च्या वनहक्क अधिनियमानुसार मिळालेला पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने असतो. जमीन विकता येत नाही, पण वारसांकडे जाते. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा कब्जा सिद्ध करून तो मिळवलेला असतो आणि त्यासाठी कित्येक कुटुंबांनी आठ-दहा वर्षे हेलपाटे घातलेले असतात. त्याच पेटीत मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले होते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबांच्या शाळेतील प्रवेश नोंदवहीचा उतारा कोणीतरी मोठ्या खटपटीने मिळवून त्यात ठेवला होता. शिधापत्रिका, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँकेचे पासबुक, एका सुनेचे बाळंतपणाचे कार्ड, आणि शेळ्या विकून आलेल्या नोटांची गुंडाळीही त्यातच होती. मी पाहिलेल्या पंचनाम्यात घर, धान्य, जनावरे आणि भांडी यांचे रकाने होते. कागदांसाठी रकाना नव्हता. पंचनामा करणाऱ्यांचा त्यात दोष नाही, नमुन्यातच तो नव्हता. परंतु मदत मिळवायची म्हटली की पहिल्यांदा विचारणा होते ती कागदांची.

आता यात ग्रंथालय काय करू शकते? माझ्या अनुभवातून आलेल्या गोष्टी सांगतो, त्यांतील काही आम्ही केल्या आणि काही करायला हव्या होत्या हे उशिरा कळले.

पहिली गोष्ट अर्धवट जळालेल्या कागदांच्या जपणुकीची आहे. आगीनंतर माणसे घाईने पेट्या उपसतात, करपलेल्या घड्या उलगडतात आणि त्या घडीतच उरलेला मजकूर चुरा होऊन जातो. घडी उलगडू नये, जशी आहे तशी ताठ पुठ्ठ्यावर सरकवून दुसऱ्या पुठ्ठ्याने झाकावी, हे कोणीतरी पहिल्या दिवशीच सांगायला हवे. काजळी तेलकट असते, ओल्या फडक्याने पुसली की ती कागदाच्या तंतूंत मुरते, म्हणून ती कोरड्या रबरी स्पंजाने हलक्या हाताने टिपावी लागते. आग विझवताना पाण्याने भिजलेले कागद आणि वह्या दोन दिवसांत बुरशी धरतात. लगेच वाळवणे शक्य नसेल तर ते बटर पेपरमध्ये गुंडाळून डीप फ्रीजमध्ये ठेवले की बुरशी थांबते आणि पुढे सवडीने वाळवता येतात. तालुक्याच्या गावी आइस्क्रीमच्या दुकानात असा फ्रीज असतो, दुकानदार अशा वेळी नाही म्हणत नाहीत. राखेत हात घालताना तोंडावर मास्क आणि हातात मोजे हवेत, कारण राख त्वचेला आणि फुप्फुसांना बाधते. जळालेल्या नोटांच्या बाबतीतही लोकांचे अज्ञान फार आहे. फार करपलेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात त्यांच्या परताव्याची वेगळी पद्धत आहे. त्या पाड्यावर एका घरातील गुंडाळी सुटी करण्याच्या नादात भुगा झाली, आणि हे ठाऊक असूनही मी वेळेवर पोहोचलो नाही याची खंत मला अजून आहे.

हे ज्ञान दुर्मिळ नाही. हस्तलिखिते आणि जुने कागद सांभाळणाऱ्या संस्था आपल्या खानदेशातच आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून दप्तरे गोळा करण्यात आयुष्य वेचले, 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांचा अंत धुळ्यात झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. तिथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. कागद कसा हाताळावा, हे ज्या शहराला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, त्या शहरात धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ग्रंथपालांसाठी दोन दिवसांचे एक प्रशिक्षण दरवर्षी माघात घेता येणार नाही का? जिल्हा ग्रंथालय संघांनी या संस्थांना विनंती करावी, एवढीच माझी सूचना आहे. शिकवायची पद्धत मात्र पोथीची नको, पेटीची हवी. समोर करपलेला पट्टा आणि वितळलेले लॅमिनेशन ठेवून शिकवावे.

दुसरी गोष्ट नव्या कागदांसाठी जुने आधार शोधून देण्याची आहे. वनहक्क नियमांतील 13 व्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे, तीत गॅझेटियर, जनगणनेची कागदपत्रे, भूमापन व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वन विभागाच्या कार्य आयोजना यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही त्यात आहे. यांतील पहिला भाग हा सरळसरळ ग्रंथालयाच्या संदर्भ विभागाचा विषय आहे. 1880 चे खानदेशचे गॅझेटियर, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, जुने तालुका नकाशे हे जिल्ह्याच्या मोठ्या वाचनालयात एका फडताळात असतात आणि वर्षानुवर्षे तिकडे कोणी फिरकत नाही. ज्याला त्यांची गरज आहे, त्या अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील माणसाला ती तिथे आहेत हेच माहीत नसते. जिल्ह्यांची नावे बदलल्याने गोंधळ आणखी वाढतो. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा निघाला. त्यामुळे एकाच पाड्याच्या आजोबांच्या कागदावर पश्चिम खानदेश, वडिलांच्या कागदावर धुळे आणि मुलाच्या कागदावर नंदुरबार असे तीन जिल्हे येतात. कोणता कागद कोणत्या दप्तरात शोधायचा, हे सांगणारा माणूस अशा वेळी वकिलाइतकाच मोलाचा असतो, आणि हे शोधकाम ग्रंथपालाच्या नित्याच्या कामापेक्षा वेगळे नाही.

तिसरी गोष्ट आगीच्या आधी करायची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या वणव्यानंतर दोन वर्षांनी आम्ही शेजारच्या पाच पाड्यांवर होळीपूर्वी एक यादी करायला सुरुवात केली. प्रत्येक घरामागे एक पान. घरात कोणकोणते कागद आहेत, ते कोणत्या कार्यालयाने दिले, कोणत्या तारखेचे, क्रमांक काय. आश्रमशाळेतील मोठी मुले बरोबर यायची. आम्ही मराठीत विचारायचो, ती पावरीत समजावून सांगायची. पहिल्या वर्षी लोक बिचकले. कागदाची माहिती घेऊन कोणीतरी जमीन काढून घेईल, ही भीती त्यांना उगाच वाटत नव्हती, तिला मागचे अनुभव होते. म्हणून आम्ही एक नियम केला आणि तो इतरांनीही पाळावा असे मला वाटते. वाचनालयाने कोणाच्याही आधारपत्राची प्रत ठेवायची नाही, बँकेच्या खात्याचा पूर्ण क्रमांक लिहायचा नाही, आणि यादीचे पान घरमालकासमोर पाकिटात घालून, चिकटवून, त्यावर त्याची सही किंवा अंगठा घेऊन ठेवायचे. ते पाकीट त्या घरातील माणसाखेरीज कोणासमोर उघडायचे नाही. पट्ट्यासारख्या महत्त्वाच्या कागदाची झेरॉक्स ज्याची त्याने इच्छा असेल तरच त्या पाकिटात घालावी. आज डिजिलॉकरची सोय आहे आणि ज्यांना जमते त्यांनी ती जरूर वापरावी, आम्हीही पुष्कळांना ती लावून दिली. परंतु जिथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते आणि घरातला एकमेव फोनही आगीत जातो, तिथे अकरा किलोमीटर दूर असलेल्या लोखंडी कपाटातील पाकीट अधिक भरवशाचे ठरते.

त्या पेटीच्या दिवशीच दुपारी घडलेला दुसरा प्रसंगही सांगायला हवा. पाचवीतील एक मुलगी माझ्यापासून दूर उभी राहून सारखी बघत होती. शेवटी तिच्या भावाने तिला पुढे ढकलले. तिने ओढणीच्या टोकात बांधून काहीतरी आणले होते. आमच्या वाचनालयातून आश्रमशाळेला दिलेल्या पेटीतील गोष्टीचे ते पुस्तक होते, म्हणजे त्याचा बांधणीकडचा दोन बोटे रुंद भाग. आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का मारतो आणि दाखल क्रमांक घालतो, तो क्रमांक त्या तुकड्यावर नेमका उरला होता. घर, शेळ्या, वह्या सगळे गेलेल्या त्या मुलीला पुस्तकाचा दंड भरावा लागेल याची भीती होती. मी तिला सांगितले की पुस्तकाची नोंद झाली, आता काही भरायचे नाही. पण खरे सांगायचे तर त्या वेळी नियमाने मला तसे म्हणण्याचा अधिकार नव्हता. दाखल नोंदवहीतून पुस्तक कमी करायचे तर निर्लेखनाची रीत आहे, कार्यकारी मंडळाचा ठराव लागतो, तपासणीच्या वेळी प्रश्न विचारले जातात आणि गहाळ पुस्तकांची किंमत ग्रंथपालाकडून वसूल होण्याची धास्ती असते. त्या धास्तीपोटी पुष्कळ ग्रंथपाल चांगली पुस्तके पाड्यांवर पाठवतच नाहीत. आपत्तीत नष्ट झालेली पुस्तके पंचनाम्याच्या किंवा शाळेच्या साध्या पत्राच्या आधारे निर्लेखित करता यावीत, असे एक परिपत्रक ग्रंथालय संचालनालयाने काढले, तर हा एक मोठा अडसर दूर होईल.

मुलांसाठी पुस्तके पुन्हा लवकर पोहोचणे हे मदतकार्यातील शेवटचे काम समजले जाते, ते तसे समजू नये. घर गेलेली मुले पहिले काही दिवस गप्प असतात किंवा सारखी आईला चिकटून असतात. मोठी माणसे कचेऱ्यांच्या आणि बांबूच्या मागे. अशा वेळी रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी झाडाखाली बसून गोष्ट वाचून दाखवतो, एवढ्याने त्यांच्या दिवसाला पुन्हा वेळापत्रक येते. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभीच लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरत होती आणि त्या संस्थानच्या नवसारी प्रांताचा डोंगराळ भाग आपल्या नंदुरबारला लागूनच होता. शंभर वर्षांपूर्वी जे पेटीने साधले, ते आज जीपगाडी असताना अवघड नाही. फक्त पेटीत काय असावे याचा विचार करावा. जाड कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके पाठवून उपयोग नाही. चित्रांची, मोठ्या अक्षरांची, आणि जिथे मिळतील तिथे पावरी, भिलोरी, अहिराणीतील पुस्तके असावीत, कोरी चित्रकलेची वही आणि खडू असावेत. शहरातून देणगी म्हणून आलेली जुनी पाठ्यपुस्तके आणि मासिकांचे गठ्ठे आम्ही त्या वेळी नाइलाजाने स्वीकारले आणि ते पाड्यावर नेण्याआणण्यातच दोन दिवस गेले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण आधी विचारावे, मग पाठवावे.

हे सगळे ग्रंथालयाचे काम आहे का, अशी शंका आमच्याच कार्यकारी मंडळात निघाली होती. वणव्यांचा तडाखा मोठ्या प्रमाणावर सोसणाऱ्या देशांत या शंकेचे उत्तर अनुभवानेच दिले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोव्हेंबर 2018 मध्ये पॅराडाइझ हे गाव वणव्यात जवळजवळ पूर्ण जळाले, 85 माणसे गेली, पण तिथले ग्रंथालय वाचले आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडले. त्याआधी ऑक्टोबर 2017 मध्ये त्याच राज्यातील सोनोमा परगण्यात भीषण आगी लागल्या, तेव्हा तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने आगीची छायाचित्रे, आठवणी आणि कागद लोकांकडून गोळा करून त्यांचा संग्रह केला. हवाई बेटांवरील लाहायना गावाचे ग्रंथालय ऑगस्ट 2023 मध्ये आणि लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातील शाखा जानेवारी 2025 मध्ये वणव्यात नष्ट झाली, म्हणजे ग्रंथालये स्वतःही त्यातून सुटत नाहीत. तिथे आपत्तीनंतर लोक मदतीचे अर्ज भरायला, फोन चार्ज करायला आणि नुसते बसायला ग्रंथालयात येतात. हे पाहून तिथल्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने 2011 मध्ये ग्रंथालयांना अत्यावश्यक सामुदायिक सेवांत धरले, त्यामुळे आपत्तीत ग्रंथालय तात्पुरते दुसरीकडे हलवण्याचा खर्च सरकारी मदतीतून मिळू शकतो. त्यांची श्रीमंती आपल्याकडे नाही हे मान्य, पण ग्रंथालय हे अत्यावश्यक आहे असे कागदावर लिहायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडेही कायद्याची चौकट आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार प्रत्येक जिल्ह्याचे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो. त्या आराखड्यात शाळा असतात, समाजमंदिरे असतात, आरोग्य केंद्रे असतात. सातपुड्याच्या कडेच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील शासनमान्य ग्रंथालयांची नावेही त्यात 'कागदपत्र सहाय्य केंद्र' म्हणून घालावीत, अशी माझी तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे. आगीनंतर पहिले पंधरा दिवस तिथे एक टेबल असावे, तलाठी आणि ग्रामसेवक यांनी ठरलेल्या दिवशी तिथेच बसावे, म्हणजे माणसाला सहा कार्यालयांत सहा दिवस मजुरी बुडवावी लागणार नाही. आणि पंचनाम्याच्या नमुन्यात जळालेल्या कागदपत्रांचा रकाना घालावा. तो एक रकाना असता, तर त्या आजींचे तीन हेलपाटे वाचले असते, कारण कागद जळाला याचा पुरावा पंचनामाच झाला असता.

वणव्याची स्मृती जपणे हेही ग्रंथालयाचे काम आहे आणि ते आपण अजिबात करत नाही. कोणत्या साली, कोणत्या नाल्याकडून आग आली, वारा कुठला होता, माणसे कोणत्या वाटेने खाली उतरली, कोणती जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत-पाला काढून केलेला मोकळा पट्टा) त्या वर्षी काढलेली नव्हती, हे सगळे म्हाताऱ्यांच्या तोंडी असते आणि त्यांच्याबरोबर जाते. पाड्यावर बसून हे लिहून घेतले, तर ते पुढच्या पिढीच्या आणि वनरक्षकांच्याही कामाचे आहे. असे लिहून घेताना लोक मोकळेपणाने कारणेही सांगतात. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून पेटवतात, मध काढताना धूर करतात, विडीचे थोटूक टाकतात. राखीव जंगलात आग लावणे 1927 च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक असते, पण मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली की पाला जाळावा लागत नाही, हे शेजारच्या पाड्यावरच्या बाईने सांगितले की जितके पटते, तितके फलकावर वाचून पटत नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्या मोबाइलवर पाठवते. ती नोंदणी करून घेणे आणि आलेला संदेश पाड्यावर फोनने कळवणे, एवढे तरी पायथ्याच्या प्रत्येक वाचनालयाला जमण्यासारखे आहे.

शेवटी आमच्या लोकांच्या अडचणीविषयी लिहिले नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आपल्या राज्यात आहे याचा मला अभिमान आहे, त्या कायद्यामुळे माझ्यासारख्याला गावात हे काम करता आले. परंतु लहान वर्गातील ग्रंथालयांत एक-दोन माणसे असतात, त्यांचे मानधन अल्प असते आणि अनुदानाचा हप्ता वेळेवर येत नाही. अशा माणसाला आणखी एक काम सांगताना मला संकोच वाटतो. म्हणून आपत्तीच्या काळात पाड्यावर गेलेल्या ग्रंथपालाचा दिवस हा ग्रंथालय उघडे असल्याचाच दिवस धरावा, त्याचा प्रवासखर्च मिळावा आणि वाचनालयाची वेळ पाळली नाही म्हणून तपासणीत शेरा मारला जाऊ नये, एवढे तरी संचालनालयाने पाहावे. हा खर्च मदतीच्या एकूण खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे, होळीला तीन महिने आहेत आणि डोंगरात गवत वाळायला लागले आहे. आमच्या वाचनालयाच्या लोखंडी कपाटात पाच पाड्यांची पाकिटे आहेत आणि माझ्या जागी आलेल्या ग्रंथपाल ताई त्यांत दरवर्षी भर घालतात. चोपड्यापासून धडगावपर्यंतच्या ज्या कोणत्या वाचनालयाला यंदा अशी यादी करायची असेल, त्यांच्याबरोबर पहिल्या पाड्यावर बसायला मी स्वखर्चाने येईन. यादीच्या पानाचा नमुना आपल्या दैनिकाने एखाद्या रविवारी छापला, तर मी तो लगेच पाठवतो. पाड्यावर जाताना पावरी किंवा भिलोरी बोलणारे एक मूल बरोबर घ्यावे आणि पाकिटे चिकटवायला खळ पुरेशी न्यावी, आम्हाला पहिल्या वर्षी ती कमी पडली होती.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त ग्रंथपाल
ता. चोपडा, जि. जळगाव